शेठाणीचं बाळंतपण

आमच्या घरी आलेला मासा जिवंत राहिला, अशी ही पहिलीच घटना.

आमचं गाव आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीच्या काठावर. इथे कुणाच्या घरात मासा आला की शेजारी दोनच प्रश्न विचारतात: ताजा आहे ना, आणि कालवण करणार की तळणार? 'त्याला खायला काय घालता?' हा प्रश्न या गावात कुणी कुणाला विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. तो पहिल्यांदा माझ्या घरात विचारला गेला. त्याला कारण माझी मुलगी सुजाता आणि तिचं ब्लडप्रेशर.

मी आरोग्य सेविका. उपकेंद्रात इतकी वर्षं काढली की गावातली पोरं मला 'सिस्टर' म्हणतात आणि त्यांच्या आयाही 'सिस्टर'च म्हणतात, कारण त्या आयांनाही या जगात मीच आणलं. अर्ध्या पंचक्रोशीची नाळ मी कापली, आणि 'आता पुरे, पुढचं थांबवा' हे सांगायला सगळ्या पंचक्रोशीची दारं वाजवली. माझी स्कूटर वळणावर दिसली की कित्येक घरांतली नवरा-बायको मागच्या दाराने पसार व्हायची. बाळंतपण म्हणजे माझ्यासाठी दुधाचा रतीब. वेळ झाली, झालं, हात धुतले, पुढचं घर!

अशा बाईच्या पोटची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळंतपणालाच घाबरली.

तिला आठवा लागला आणि ब्लडप्रेशर हळूहळू वर सरकायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरण्यासारखं काही नाही. पण आणखी चढलं तर दिवस भरायची वाट न बघता अलिबागला दाखल करावं लागेल, आणि मग ऑपरेशनचीही वेळ येऊ शकते. आराम, कमी मीठ आणि शांत मन."

आराम आणि मीठ माझ्या हातात होतं. मन कुठे असतं हे आमच्या प्रशिक्षणात नव्हतं.

सुजाता दिवसभर मोबाइलवर बाळंतपणाच्या एकाहून एक भयंकर कहाण्या वाचायची आणि मग मला विचारायची, "आई, खूप दुखतं का गं?"

"दुखतं."

"म्हणजे किती?"

"म्हणजे ओरडशील. मग थांबतं. मग सगळं विसरशील. दूध पी."

(या उत्तरात काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. एकही शब्द खोटा नव्हता!)

मी मात्र माझ्या बाजूने कसूर ठेवली नाही. उठली की तिच्या दंडाला बीपीचा पट्टा, नाश्ता झाला की पट्टा, डुलकी काढून डोळे उघडले की समोर मी आणि पट्टा. आकडा वाढला की मी "हं" म्हणायचे. कमी झाला तरी "हं"च म्हणायचे. उगाच लाडावून ठेवायचं नाही.

शेवटी पनवेलहून जावयाचा, अमेयचा फोन आला. "आई, घरात एक फिश टँक ठेवा ना. मासे पोहताना बघितले की माणूस शांत होतो म्हणतात."

"जावईबापू, या गावात सगळे मासेच बघतात. कोण शांत आहे?"

"पोहणारे मासे, आई. जिवंत."

हा मुद्दा नवीन होता. मी मान्य केला.

आता मासा कुठला आणायचा? आमचे हे प्राथमिक शाळेत गुरुजी. घरात चटणी कुठली वाटायची हे ठरवायलासुद्धा यांना वादविवाद स्पर्धा लागते. यांनी मोबाइल नाकाजवळ धरून जाहीर केलं, "नवशिक्यांसाठी दोन जाती सोप्या आहेत. एक गप्पी आणि दुसरी मॉली. आता प्रत्येकाने आपापली बाजू मांडावी."

सगळ्यात आधी आमच्या सासूबाईंनी मांडली. त्या मूळच्या दिघीच्या, म्हणजे खाडीपलीकडच्या. माशातलं आपल्याला कळतं आणि अलीकडच्यांना कळत नाही, असं त्यांचं लग्नापासूनचं मत आहे.

"गप्पी? म्हंजी बोलतो काय गो तो?"

"नाही हो आई. नुसतं नाव आहे."

"बोलत न्हाय तर नाव कशाला लावायचं? आनि ती दुसरी... मॉली. तिला काटे किती?"

"आजी, खायची नाहीये ती!" सुजाता आतून ओरडली.

"मंग आनायची कशाला?" सासूबाईंनी विचारलं, आणि त्यांच्या बाजूने चर्चा संपली.

माझी बाजू स्पष्ट होती. गप्पी नको! गप्पीला मी नोकरीत आयुष्यभर ओळखते. आमच्या खात्याचाच तो मासा. डासांच्या अळ्या खायला आम्ही त्याला विहिरीत, टाक्यांत, डबक्यांत सोडतो. रंगाने राखाडी, अंगाने किरकोळ, तक्रार शून्य. पण त्याचा एक दोष: मूठभर गप्पी टाकीत सोडावेत, तर पुढच्या भेटीला पाणी कमी आणि गप्पी जास्त! (ते नेमके कसे वाढतात हे प्रशिक्षणात नक्की सांगितलं असणार. पण ते जेवणानंतरचं सत्र होतं.) आता तुम्हीच सांगा, जन्मभर लोकांना पाळणा लांबवायला सांगणाऱ्या बाईच्या हॉलमध्ये, खिडकीतून दिसेल अशा जागी, गप्पी?

"तरीही दोन्ही पक्ष प्रत्यक्ष पाहावेत," गुरुजी म्हणाले, आणि आम्ही अलिबागला गेलो.

दुकानात पाऊल टाकलं, तर भिंतीला लागून काचेच्या टाक्या, आणि त्यांत नुसते रंग हलत होते. एका टाकीपाशी मी थबकले. अंगठ्याएवढेही नसलेले मासे, आणि शेपट्या मात्र पैठणीच्या पदरासारख्या. जांभळ्या, केशरी, मोरपिशी!

"हे कुठले हो?"

"गप्पी, ताई," दुकानदार म्हणाला. पन्नाशीचा माणूस, तोंडाला क्षणाची विश्रांती नाही.

"हे गप्पी?" म्हणजे आमचेच मासे, पण लग्नाला निघालेले! "अहो, मी हे हजारोंनी विहिरीत टाकलेत."

दुकानदार दोन पावलं मागे सरकला.

"ते सरकारी गप्पी हो," गुरुजींनी घाईने खुलासा केला. "ही आरोग्य खात्यात आहे."

खरं सांगते, त्या शेपट्या पाहून माझा निश्चय डळमळला. पण शेजारच्या टाकीत मॉली होत्या. काळ्या कुळकुळीत, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच रंग, आणि चाल अशी की जणू सगळा माळा यांच्या मालकीचा. सुजाताला हे आवडेल, माझ्या मनात आलं. रंगांचा गोंधळ नाही. डोळ्यांना आराम.

"मॉली एकदम लेकुरवाळी बघा, ताई," दुकानदार म्हणाला.

लेकुरवाळी म्हणजे शांत, घरंदाज, संसारी, असा मी अर्थ घेतला. विकणारा माणूस विशेषणं लावतोच. आमची कोळीण शिळ्या बांगड्यालाही 'राजा' म्हणते.

"पाणी कसलं तुमच्याकडे?" त्याने विचारलं.

"विहिरीचं. मचूळ. त्यात डाळ शिजत नाही."

"अरे वा! मग मॉलीच न्या. जरा मिठाळलेलं पाणी तिला मानवतं."

आमच्या विहिरीला आजवर पाहुण्यांनी, सोयऱ्यांनी, प्लंबरने, सगळ्यांनी नावं ठेवली होती. तिचं कौतुक करणारा हा पहिला माणूस. गुरुजींची मान ताठ झाली, आणि वादविवाद स्पर्धेचा निकाल तिथेच लागला.

"चार द्या," मी म्हटलं. "पण सगळ्या माद्या. नर एकही नको."

"जोडी नको?"

"नको. नवरा नसला की पुढचे प्रश्नच येत नाहीत."

गुरुजी खिशात रुमाल शोधायला लागले.

मग निवड. माझं बोट काचेवरून फिरलं आणि चारही वेळा आपोआप भरल्या पोटापाशी थांबलं. सवय! बाजारात पोट फुगीर दिसलं म्हणजे आत गाबोळी, अंड्यांची गच्च भरलेली पिशवी. दोन मासळ्या शेजारी असताना गाबोळीवाली सोडून दुसरी उचलेल अशी बाई आमच्या किनाऱ्यावर जन्मली नाही. कल्ला उचलून आतून लाल आहे का, तेही मी बघायला सांगणार होते, पण गुरुजींनी माझा हात धरला.

टाकी आमच्या हॉलमध्ये, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखालच्या कपाटावर बसली. सासूबाईंनी चष्मा पुसून चौघींची पाहणी केली. "चौघींचं मिळून वाटीभर कालवन व्हायचं न्हाय," त्या म्हणाल्या आणि खुर्ची टाकीसमोर ओढून बसल्या, त्या जेवायलाच उठल्या.

आणि मी? मी मासा आजवर वरून पाहिला होता. टोपलीतला, आडवा, डोळा उघडा ठेवून पडलेला. बाजूने, सरळ, आपल्या मर्जीने कुठेतरी निघालेला मासा मी पहिल्यांदाच बघत होते. या हातांनी मी किती कल्ले उचलून पाहिले असतील! पण तो कल्ला स्वतःहून उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो, पाण्याच्या घोटातून श्वास गाळून घेतो, हे काम करताना मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. मी उभीच राहिले. गॅसवर दूध उतू गेलं. वासावरून सासूबाईंना कळलं, मला नाही.

सुजाता दिवाणावर आडवी पडून मासे बघायला लागली. मोबाइल उशीखाली गेला. चौघींतली सगळ्यात जाड, सगळ्यात काळी, कुणालाही वाट न देणारी जी होती, तिचं नाव तिने 'शेठाणी' ठेवलं. खायला टाकलं की शेठाणी बाकीच्या तिघींना ढुशा देऊन बाजूला करायची, आणि सुजाता खदखदून हसायची. आणि काय सांगू, बीपी उतरलं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान. असंच राहू द्या." मी गावभर सांगत सुटले की गोळीपेक्षा मॉली बरी. मीही फुरसत मिळाली की टाकीपुढे. बघता बघता पट्ट्याची वेळ टळून जायची. एक दिवस तर पट्टा कुठे ठेवला तेच आठवेना.

आणि मग शेठाणी आजारी पडली.

सकाळी ती कोपऱ्यात, हिरव्या रोपाच्या आडोशाला जाऊन बसली. खायला टाकलं तर ढुंकून बघेना. ढुशा देणं बंद. पोट तर असं चौकोनी झालेलं, की जणू काड्यापेटी गिळलीय.

"बद्धकोष्ठ," मी निदान केलं. "लंघन द्या."

"अगो, ही गाबोळीनं फुटायला आलीय," सासूबाई म्हणाल्या. "तव्यावर घेतली तर..."

"आई, हळू! सुजाता ऐकेल." मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं. "आणि गाबोळी असली तरी काय? अंडी घालेल आणि मोकळी होईल. नवराच नाही, तर अंड्यांचं पुढे काही होत नाही. हे शास्त्र आहे."

"तुझं शास्त्र तुज्यापाशी. ती मरतेय बघ."

हे मात्र माझ्या काळजात घुसलं. शेठाणी मेली तर? नववा लागलेल्या मुलीच्या डोळ्यांदेखत, पोट वर करून, पाण्यावर तरंगत? इतक्या कष्टाने उतरलेलं बीपी त्याच मिनिटाला आढ्याला लागेल, आणि आम्ही रुग्णवाहिकेत!

मी गुरुजींना मागच्या दारी बोलावलं. "अहो, आत्ताच्या आत्ता अलिबागला जा. अगदी शेठाणीसारखीच दुसरी घेऊन या. सुजाता दुपारी झोपली की मी अदलाबदल करते."

"म्हणजे आपण मुलीला फसवायचं?"

"हो."

"पण नैतिकदृष्ट्या..."

"जाताना कोथिंबीरही आणा, म्हणजे विचारलं तर सांगता येईल."

कोथिंबिरीसाठी आगरदांड्याकडून अलिबागला निघालेला हा पहिलाच माणूस असेल. पण गेले बिचारे, स्कूटरला पाण्याचा डबा बांधून.

दुपार झाली. सुजाता काही केल्या झोपेना. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते, एक कान बाहेर स्कूटरकडे. तेवढ्यात हॉलमधून किंकाळी आली, "आई! आई गं! लवकर ये!"

मी बाई अनुभवी आहे. मी गोंधळत नाही. मी एका हाताने हातमोजे ओढले, दुसऱ्या हाताने माझी बाळंतपणाची पेटी उचलली, पायाने गॅस बंद करायचा प्रयत्न केला (जमलं नाही), आणि हॉलमध्ये धडकले. "झोप! गुडघे वर घे! पाणी गेलं का? कळा किती वेळाने येतायत?"

सुजाता खुर्चीवर टुणटुणीत बसली होती. "मला नाही गं! तिला!"

आणि तिने टाकीकडे बोट केलं.

शेठाणी कोपऱ्यात थरथरत होती. तिच्या पोटाखालून काहीतरी काळं, गोल, घडी घातलेलं बाहेर येत होतं. 'आलं अंडं,' मी मनात म्हटलं. ते अंडं सुटलं, खाली जायला लागलं, आणि अर्ध्या वाटेत त्याने स्वतःची घडी उलगडली! त्याला शेपूट होती. त्याला खसखशीएवढे दोन डोळे होते. त्याने एक हिसडा दिला आणि ते पोहायला लागलं.

मी हातमोजे घातलेले दोन्ही हात वर धरून तशीच उभी.

पाळणा नाही, नाळ नाही, पहिलं रडणं नाही. पाठीवर थापटी नाही, कोमट पाण्याची आंघोळ नाही, टोपडं नाही. जन्माला आलं आणि कामाला लागलं! एवढंसं, मेथीच्या दाण्याएवढं, पण पुरं. कल्ले होते, तेही उघडमीट करत होते! मी इतकी बाळंतपणं पाहिली, पण मी नेहमी बघत होते ती घड्याळ, रक्त, नाडी, वजनकाटा. जन्म नुसता बघत उभं राहण्याची नोकरी मला कुणी दिलीच नव्हती.

"दुसरं!" सुजाता ओरडली. "आई, तिसरं!"

"पोरं हायती गो ही!" सासूबाईंनी दोन्ही हात गालांना लावले. "गाबोळी न्हाय, अख्खी पोरं! पाऊणशे वर्सं मासे खाल्ले, आनि असं कुनी दाखवलं न्हाय मला!"

दिघीचं मत बदललेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

तेवढ्यात शेठाणी वळली. तिने समोर तरंगणाऱ्या आपल्या लेकराकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओळख होणार. तिने तोंड उघडलं आणि त्याला गिळलं!

"बघू नकोस!" मी सुजाता आणि टाकी यांच्या मध्ये उडी मारली आणि पदर पसरला. नववा महिना चालू असलेल्या मुलीने आईला पोर खाताना बघायचं? "डोळे मीट! दूध पी!"

"आई, बाजूला हो! मी मोजतेय!"

"मोजू नकोस! ते... ते खेळतायत!"

"ती खातेय त्यांना. मला दिसलं." सुजाता उठून उभीच राहिली. "गाळणी आण! पळ!"

मी चहाची गाळणी आणली. माझ्या नोकरीतलं सगळ्यात दमवणारं काम मी त्या दुपारी केलं. बाळ इकडून येतंय, आई तिकडून येतेय, मधे मी, हातमोजे, गाळणी आणि कोपरापर्यंत पाणी. सुजाता हुकूम सोडतेय, "डावीकडे! रोपामागे! आई, ते नाही, तो खडा आहे!" सासूबाई भाताचं पातेलं धरून उभ्या, आणि एकीकडे शेठाणीला दटावतायत, "मेले, नऊ म्हयने पोटात ठेवलंस ते खायला काय?" (नऊ महिने नसतात हे सांगायला मला सवड नव्हती. किती असतात तेही माहीत नव्हतं!) बाकीच्या तिघी मावश्याही पंगतीला बसायला आल्या होत्या, त्यांना मी गाळणीच्या दांड्याने हाकललं. चहाची पावडर थोडी पाण्यात गेली. शेवटी पातेल्यात काळे ठिपके वळवळायला लागले आणि शेठाणी, पोट आत गेलेली, सडपातळ झालेली, जणू काही घडलंच नाही अशी वर येऊन खायला मागायला लागली.

अशा वेळी गुरुजी दारात उगवले. एका हातात पाण्याची फुगलेली पिशवी, दुसऱ्या हातात कोथिंबीर, आणि तोंडाने, "डुप्लिकेट मिळाली!"

"कसली डुप्लिकेट, बाबा?" सुजाताने विचारलं.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी गाळणीकडे पाहिलं.

"कोथिंबीर," गुरुजी म्हणाले.

पण पातेल्यात डोकावल्यावर त्यांच्याने राहवेना. "म्हणजे तो दुकानदार म्हणाला ते खरं! मला विचारत होता, आधीच्या चौघी व्यायल्या का? मी म्हटलं, अहो, त्या काय म्हशी आहेत? तर तो हसायलाच लागला. म्हणे, गप्पी काय, मॉली काय, हे मासे अंडी घालतच नाहीत, पिल्लंच घालतात. मी ताईंना आधीच बोललो होतो, लेकुरवाळी म्हणून."

"पण नर नव्हता ना!" मी शेवटचा किल्ला लढवला.

"तेच तर! दुकानात असताना एकदा गाठ पडली की पुरे, म्हणे. मादी ते बी पोटात राखून ठेवते. मग नर समोर असो, नसो, पुढे कित्येक महिने आपल्या सोयीने खेपेमागून खेप!"

मी खुर्चीत बसले. पंचक्रोशीला जे मी गोळ्या, चित्रं, भिंतीवरचे तक्ते वापरून उभ्या हयातीत नीट समजावू शकले नाही, ते, म्हणजे मूल कधी आणि किती हे बाईने ठरवायचं, हे बोटाएवढ्या काळ्या माशाने परस्पर जमवलेलं होतं.

"म्हंजी नवरा एकदाच लागला?" सासूबाईंनी खात्री करून घेतली.

"हो आई."

"बरं हाय की," त्या म्हणाल्या, आणि खिडकीतून खाडीपलीकडे, दिघीच्या दिशेने बराच वेळ बघत बसल्या.

"आणि हो," गुरुजींनी पिशवी वर धरली, "या वेळी त्याने सोबत एक नरही दिलाय. एकट्या कंटाळतील म्हणाला."

मी उठले ती थेट पट्टा शोधायला. इतक्या गोंधळानंतर सुजाताचा आकडा कुठे पोचला असेल कुणास ठाऊक! पट्टा सापडला माशांच्या खाण्याच्या डब्यामागे. बांधला. ऐकलं. पुन्हा ऐकलं. आकडा जसा हवा तसा. पुस्तकातला!

"आता तुझा हात दे," सुजाता म्हणाली. तिने पट्टा माझ्या दंडाला बांधला, यंत्राकडे पाहिलं, आणि अगदी माझ्या आवाजात म्हणाली, "हं."

त्या दिवसापासून घरात आराम, कमी मीठ आणि शांत मन मला लागू झालं.

सुजाताचे दिवस पूर्ण भरले. अलिबागला नेलं, ऑपरेशनची गरज पडली नाही. दारापाशी मी आत शिरायला लागले, तशी ती कळा सोसत म्हणाली, "आई, तू बाहेर बस. शेठाणीच्या वेळी केलंस तेवढं पुष्कळ झालं." ती ओरडली, मग थांबली. (मी सांगितलंच होतं!) मुलगी झाली. नर्सने माझ्या हातात दिली आणि मी वजन विचारायलाच विसरले. तिची नखं बघत बसले. प्रत्येक बोटाला नख होतं! नर्सला दोनदा म्हणावं लागलं, "आजी, बाळ इकडे द्या, पुढची पेशंट आलीय."

बारशाला अमेय आला तेव्हा हॉलमध्ये टाकी होती, कपाटाखाली दुसरी टाकी होती, मोरीत बादली होती आणि भात अजूनही कुकरमध्येच लावावा लागत होता, कारण पातेलं रिकामं नव्हतं. शेठाणीचं बघून बाकीच्या तिघींनीही राखीव साठा बाहेर काढला होता. मी रोज संध्याकाळी पाण्याच्या पिशव्या स्कूटरला अडकवून गावात फिरत होते. माझी स्कूटर वळणावर दिसली की नवरा-बायको अजूनही मागच्या दाराने पसार होतात. पूर्वी मी पोरं थांबवा सांगायला जायचे, आता पोरं घ्या म्हणून जाते, एवढाच फरक.

"बघा जावईबापू," मी त्याला अभिमानाने टाकी दाखवली. "तुमची युक्ती लागू पडली. हिचं बीपी त्यानेच उतरलं. दिवसभर टाकीपुढे असायची."

अमेयने सुजाताकडे पाहिलं. सुजाताने बाळाकडे पाहिलं. गुरुजी रुमाल शोधायला लागले.

"आई," सुजाता म्हणाली, "टाकी माझ्यासाठी नव्हतीच. दर तासाला तू पट्टा घेऊन आलीस की माझं बीपी चढायचं. मीच अमेयला सांगितलं होतं, आईला कशात तरी गुंतव."

यावर माझ्याकडे चांगलं सडेतोड उत्तर होतं. पण तेवढ्यात शेठाणी कोपऱ्यात जाऊन थरथरायला लागली, आणि मी गाळणी आणायला पळाले.